तांदूळ वाढले

असं समजा, की तुमच्या घरातल्या मिठाच्या बरणीला आपलं नाव सांगता येतं. तुम्ही विचारलं, "कोण गं तू?" की ती म्हणणार, "मी मीठ."

वसईच्या एव्हरशाईन सिटीत, २००७ साली, एका स्वयंपाकघरात अशा तेवीस बरण्या होत्या. अश्लेषाच्या आत्याने, स्वप्नाने, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षासाठी तो प्रकल्प केला होता. प्रत्येक बरणीला एक चिठ्ठी, म्हणजे टॅग, चिकटवलेली. चिठ्ठीत नखाएवढी चिप आणि बारीक तारेची वेटोळी. बरणी वाचक यंत्राजवळ धरली, की चिठ्ठी आपला क्रमांक सांगायची. डबा भरला की अधिकचं बटण दाबायचं, रिकामा झाला की उण्याचं. मग घरात काय आहे ते पाहून संगणक पदार्थ सुचवायचा आणि बाजाराची यादीही काढायचा.

या चिठ्ठ्या स्टीलवर चालत नसत, म्हणून सगळं सामान प्लॅस्टिकमध्ये आलं होतं. स्वयंपाकाला जवळच्या वटार गावाहून येणाऱ्या धोंडूबाईंना ते मुळीच पटलं नव्हतं. "एवढं शिकलेलं यंत्र, पन स्टीलला घाबरतं व्हय?" असं त्या रोज एकदा तरी म्हणत.

शनिवारी स्वप्ना अहवाल बांधून घ्यायला गेली. जाताना म्हणाली, "आशू, आज बटणं तुझ्याकडे. मावशी सांगतील तसं कर. उद्या सर येणार आहेत, चूक झाली तर माझं वर्ष गेलंच समज."

नऊ वर्षांच्या अश्लेषाने मान डोलावली. दुपारी धोंडूबाईंनी तांदळाचा डबा तिच्या हातात दिला.

"बाय, तांदूळ वाढले. लिही तुझ्या यंत्रात."

डबा हलका लागला, पण मावशी सांगतील तसं करायचं होतं. अश्लेषाने तो यंत्राजवळ धरला आणि अधिकचं बटण दाबलं.

रविवारी धोंडूबाईंची सुट्टी. अकरा वाजता स्वप्नाच्या कॉलेजचे आलोशियस सर प्रकल्प तपासायला आले. खुर्ची ओढून संगणकासमोर बसले आणि म्हणाले, "चला, आज यंत्राच्या हातचं जेवू."

पडद्यावर मसालेभात आला. स्वप्नाने हसत हसत तांदळाचा डबा उघडला. तळाशी चार दाणे होते.

"यंत्र म्हणतंय डबा भरलेला, दहा किलो," सर म्हणाले.

"टॅग खराब झाला असेल, सर."

"महिनाभर चालला, आणि आजच खराब?" सरांनी खिशातून पेन काढलं आणि गुणांच्या कागदावर टेकवलं. स्वप्नाचा चेहरा उतरला.

अश्लेषा दाराशी उभी होती. टॅग चांगला होता, हे घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

"सर, थांबा. बटण मी दाबलं. मावशी म्हणाल्या, तांदूळ वाढले. म्हणून मी अधिक दाबलं."

स्वप्नाने कपाळावर हात मारला. "अगं वेडे, वाढले म्हणजे संपले!"

"वाढले म्हणजे संपले कसे?"

"मीठ, तांदूळ संपले असं घरात बोलायचं नसतं. अशुभ वाटतं. म्हणून वाढले म्हणायचं."

"हे मला कोणी सांगितलंच नाही."

"यंत्रालाही नाही," सर म्हणाले. त्यांनी पेन उचललं. "स्वप्ना, या स्वयंपाकघरात जास्त वेळ कोण असतं?"

"धोंडूबाई मावशी."

"आणि ही अधिक-उणे कोणाची भाषा?"

सरांनी कागद उलटा ठेवला. "टॅग बरोबर बोलला. तुमच्या बटणांनी ऐकलं नाही. आता काय करणार ते दाखवा, मग गुण."

स्वप्नाने कीबोर्ड पुढे ओढला आणि प्रोग्राम उघडला.

अश्लेषा आत गेली. दप्तरातून वहीचं लेबल आणि स्केचपेन घेऊन आली. लेबलावर तिने मोठ्या अक्षरांत 'वाढलं' असं लिहिलं आणि ते उण्याच्या बटणावर नीट चिकटवलं. मग तांदळाचा रिकामा डबा दोन्ही हातांनी उचलून यंत्राजवळ धरला आणि ते बटण दाबलं.