सुईणीच्या दिवशी उघडलेलं घर

बल्गेरियातल्या आमच्या गावात सुईणीचा दिवस अजून पाळतात. जानेवारीच्या बर्फात बाया जमतात आणि जिनं आपलं बाळंतपण केलं तिच्या हातांवर पाणी घालून ते धुतात. सुईण द्रागाना आजी आता नव्वदीला टेकल्या आहेत. हात धुणाऱ्यांत सगळ्यांत तरुण त्सोना, तीही सत्तरीची!

यंदा भाकरी आणि दारू मांडून झाली. त्सोना पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "शाळेला कुलूप, बस आठवड्यातून एकदा. हल्लीच्या पोरींना मुलंच नकोत, दुसरं काय!"

आजींनी हात मागे घेतले. "तुझा प्लामेन माझ्याच हातांवर जन्मला ना? कुठंय तो?"

"जर्मनीत. ठाऊक असून काय विचारता?"

"'शीक आणि इथून सुट' असं त्याला कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणायचे! मग काय बकऱ्या राखायच्या होत्या त्यानं?"

"म्हणजे पोरं झाली होती, आपणच पिटाळली. आता त्यांची पोरं तिकडे जन्मतात आणि बोल मात्र इथल्या पोरींना! परवा ती पोटुशी ग्युल्तेन प्लामेनचं रिकामं घर भाड्यानं मागायला आली, तिला काय सांगितलंस?"

त्सोना चपापली. "प्लामेन येईल कधीतरी. आणि ती तुर्क आहे, आजी, मुसलमान. आपल्यातली नाही."

"आपल्यातले उरलेत किती? तिचा नवरा इथं मेंढ्या सांभाळतोय, राहायला आलाय तो! मी तुर्कांचीही बाळंतपणं केलीत, सगळी बाळं सारखीच रडतात. ते घर उघडेपर्यंत माझ्या हातांवर पाणी पडणार नाही!"

"अहो, सणाचा दिवस आहे!" कुणीतरी म्हणालं.

"मग नको सण!"

त्सोनाला राग आला. काही बोलणार, तोच तिची नजर खोलीभर फिरली. काठ्या, चष्मे, गोळ्यांच्या डब्या. यांच्यामागून कोण? तिनं तांब्या खाली ठेवला आणि थेट दुकानामागच्या खोलीत राहणाऱ्या ग्युल्तेनकडे गेली.

"ऊठ पोरी, प्लामेनच्या घरात चूल पेटवायला चल. नवऱ्यालाही बोलाव, धुराडं तुंबलंय."

संध्याकाळी प्लामेनचा फोन आला. "आई, माझं घर परक्यांना दिलंस?"

"परके कसले? शेजारी झालेत ते माझे! तू ये ना, बायकापोरांना घेऊन माझ्याकडे उतर. पण त्या घरात आता बाळंतीण राहणार!"

मंडळी, मुलं कमी जन्मतात हे खरं, तरुण परदेशी गेले हेही खरं. पण जे आपल्या गावात संसार मांडायला येतात, त्यांना दारातून परत पाठवणारे आपणच. धर्म विचारू नका, घर उघडा. सरकार काय करायचं ते करील, कुलूप आपलं आहे!