नमुन्याची मूठ

मी एक जुना बोरा आहे, मित्रांनो. पुण्याकडे मला पोतं म्हणतात; म्हणोत बापडे. ताग बंगालचा, विणकामही तिथल्याच गिरणीचं. आधी साखर वाहिली, मग गहू, आणि १९७३ साली ज्वारी भरून मी नागपूरच्या इतवारीत गुलाबचंद सेठच्या दुकानात उभा राहिलो.

माणसं फार हुशार असतात, असं ती स्वतःच सांगतात. धान्य पाहायचं तर ही हुशार मंडळी बोऱ्याचं तोंड सोडत नाहीत. परखी नावाची टोकदार लोखंडी नळी सरळ पोटात खुपसतात. मूठभर दाणे काढायचे, दोन चावायचे, उरलेले भिरकावायचे. गावचा व्यापारी खुपसतो, अडत्या खुपसतो, आणि ज्याला काही घ्यायचंच नाही तोही जाता जाता खुपसतो. नमुन्याचे दाणे कोणी परत आत टाकल्याचं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. भोकांतून वाटेवर सांडतं ते वेगळंच.

एकदा उमरेडच्या दुकानदाराने मला तसंच परत पाठवलं. ज्वारी तीन किलो कमी भरली होती. सेठने बसल्या जागी चोर ठरवला, बायजाबाई. ती आमची तोंडं शिवायची आणि सांडलेलं झाडायची. नवरा गेलेला, घरी दोन लेकी. हे काम सुटलं असतं तर चोर म्हणून इतवारीत तिला कोणी उभं केलं नसतं.

उमरेडवाल्याच्या तक्रारीवरून सदर भागातल्या कुठल्याशा सरकारी कचेरीतले मधुकरराव चौकशीला आले. माल कुठून कुठे गेला ते त्यांनी कागदावर बाण काढून मांडलं. शेत, गोदाम, हातगाडी, ट्रक, दुकान. ज्याच्या पोटातून माल गेला, त्या माझ्याकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. प्रश्न सगळे बायजाबाईला.

बायजाबाई म्हणाली, "साहेब, मले काहून इचारता? बोऱ्याले इचारा. त्याची भोकं पाहा."

मधुकरराव वाकले. तेवढ्यात सेठ म्हणाले, "माल तर पाहा साहेब, एक नंबर आहे," आणि त्यांच्या डोळ्यांदेखत परखी खुपसली. सवयच ती! स्वतः दोन दाणे चावले. मधुकररावांनीही हात पुढे केला, चार दाणे तोंडात टाकले आणि उरलेली मूठ खिशात घातली.

"गोड आहे," ते म्हणाले.

थू तुमच्या हुशारीवर! मग त्यांनी कागदावर तुटीचं कारण लिहिलं, उंदीर. सेठनेही मान डोलावली. बायजाबाईचं काम वाचलं. तिने सुईत सुतळी ओवली आणि शेजारी उभ्या हातगाडीवाल्या नत्थूला म्हणाली, "उंदराले तरी लाज असते गा. तो लपून खाते."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. तुमच्याकडून ते व्हायचं नाही. फक्त कुठे मूठभर उचलाल, तेव्हा आळ कोणावर येणार आहे तेवढं पाहून उचला.