तुलसाच्या चौदा उठाबशा

कामठ्याजवळच्या त्या गावात एकोणीसशे छत्तीस साली शाळा एक, गुरुजी एक आणि नियमही एकच. जो पोरगा आपल्या पायांनी येणार नाही, तो चौघांच्या हातांनी येईल. हजेरी झाली की ईश्वरदास गुरुजी चौथीतले चार धट्टेकट्टे पोट्टे पाठवायचे. ते चुकार पोराला तणसाच्या ढिगामागून हुडकून काढायचे, टांगाटोळी करून गावभर मिरवत आणायचे. वर गैरहजेरीच्या दर दिवसाला एक उठाबशी. गुरुजींना सगळं गाव टरकून असे, पण खरं सांगायचं तर त्यांच्यावाचून निम्मं गाव अंगठेबहाद्दरच राहिलं असतं.

हा झाला मुलांचा नियम. मुलींसाठी नियमच नव्हता. शाळेत होत्याच मुळी तीन मुली. त्यांतली एखादी यायची थांबली की गुरुजी समजायचे, लग्न ठरलं असेल. परक्याच्या लेकीला उचलून कोण आणणार? पंधरा दिवस वाट बघून ते पटावरचं नाव खोडत. खोडलेलं नाव पुन्हा चढवायला आजवर एकाही मुलीचा बाप आला नव्हता.

हुकुमचंद पटेलांची तुलसा चौथीत होती. वय अकरा, लग्नाचा पत्ता नाही. पण भाताची रोवणी लागली, आई सुमित्राबाई बांधीत रोपं लावायला गेली, आणि दोन वर्षांचा धाकटा भाऊ रूपलाल तुलसाच्या कडेवर आला. "रोवणी झाली का जाजो शाळेत," बाप म्हणाला. रोवणी महिनाभराची. नाव पंधरा दिवसांतच खोडलं जाणार, हे गणितात हुशार असलेल्या तुलसाला वेगळं सांगायला नको होतं. आज तेरा दिवस झाले होते.

तेवढ्यात पोट्ट्यांची टोळी दारावरून निघाली. मध्ये बकाराम लोंबकळत होता आणि चौघांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. तुलसा रूपलालला घेऊन रस्त्यात आडवी झाली.

"मले काऊन नाही नेत? मी बी गैरहजर हाओ."

पोट्टे फिदीफिदी हसले. "तू त पोट्टी हास. तुले कोन उचलन?"

"माह्या जाग्यावर ये!" बकाराम खालून ओरडला.

"मंग गुरुजीले सांगा, तेरा दिवस झाले म्हना. माहं लगन नाही होऊन राहिलं, म्हना." एवढं बोलून ती पटकन घरात शिरली. पोट्ट्यांसमोर रडायची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बांधीच्या पाळीवर, शेताच्या बांधावर, गुरुजी स्वतः हजर. काखेत छत्री, मागे ते चौघे, आणि रूपलालला कडेवर घेऊन घरून सोबत आलेली तुलसा. वाकून रोवणाऱ्या बाया कंबर धरून उभ्या राहिल्या. पटेल गुडघाभर चिखलात, हातात भाताच्या पऱ्ह्यांची जुडी.

"पटेल, तुलसा शाळेत येत नाही."

"रोवणी हाय ना गुरुजी. धाकल्याले कोन पाह्यन?"

"ते मला ठाऊक नाही. माझा नियम एकच, येत नाही त्याला उचलायचं. मुलीला उचलता येत नाही, आणि तिला घरी ठेवलंय तुम्ही." गुरुजी पोरांकडे वळले. "उचला रे पटेलांना."

पोरांची बोबडी वळली. पटेलांचा आ वासलेला तसाच राहिला. तेवढ्यात सुमित्राबाईंनी तोंडाला पदर लावला, आणि सगळी ओळ खदखदून हसायला लागली. म्हाताऱ्या पुष्पाबाईंनी तर पदर खोचलाच. "पोट्ट्यायनं नाही होत त आमी येतो गुरुजी, चौघीजनी!"

पटेलांना रागवावं की हसावं कळेना. हसू आधी आलं. "नका जी. नेजा पोट्टीले. पन ह्या रूपलालचं?"

"त्यालाही येऊ द्या. रडला तर त्यालाही उठाबशा."

शाळेत पोचल्यावर तुलसानं रूपलालला तरटावर बसवलं आणि कुणी न सांगता कान धरले.

"तू बस," गुरुजी म्हणाले. "तुझी चूक नव्हती."

ती बसली नाही. "बकारामले देल्या न गुरुजी. मी बी चौदा दिवस नव्हती."

गुरुजींची नजर पटावर गेली. किती मुलींची नावं त्यांनी खोडली होती, आणि एकीच्याही दारी जाऊन विचारलं नव्हतं. "मोज," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा चढला नाही.

दहाव्या उठाबशीला तिचे पाय लटपटले. "पुरे," गुरुजी म्हणाले.

"चौदा हायेत गुरुजी." उरलेल्या चारही तिनं मोठ्यानं मोजून काढल्या.

हजेरी केव्हाच झालेली होती. तरी गुरुजींनी पट उघडला आणि हाक दिली, "तुलसा हुकुमचंद."

"हजर," ती धापा टाकत म्हणाली, आणि आता मात्र सगळ्या वर्गासमोर रडली. पोटऱ्या आठवडाभर दुखल्या. गुरुजींचे उपकार तिनं जन्मभर मानले.