एकदा काठोकाठ

दुपार कलू लागली तशी शिफ्ट इंजिनियरच्या पायाला भिंगरी लागली. पडद्यासमोर त्याला बसवेना. तो उठून खिडकीशी जाई, खडीच्या मैदानात रांगेने उभे असलेले पांढरे कंटेनर पाही आणि पुन्हा खुर्चीत येई. त्या कंटेनरांच्या पोटात बॅटऱ्या होत्या. दिवसा उरलेली वीज त्यांत साठवायची आणि संध्याकाळी शहराची मागणी एकदम चढली की परत द्यायची, एवढेच या जागेचे काम. पडद्यावर साठ्याचा आकडा होता साठ टक्के. त्या आकड्यावरचा त्याचा विश्वास सकाळीच उडाला होता.

"साहेब, बोला किंवा बसा, पण त्या फरशीवर दया करा," फोरमन म्हणाला. "आकडा काय पळून जाणार आहे का?"

"पळून गेला असता तर बरं झालं असतं. हा जागचा हलायचा नाही, आणि आतलं मात्र संपलेलं असेल."

या जातीच्या बॅटऱ्यांचा स्वभावच आतल्या गाठीचा. पाऊण भरलेल्या असोत की पाव, वरून व्होल्टेज जवळजवळ सारखेच. त्यामुळे आत किती गेले आणि बाहेर किती आले, यांच्या बेरीज-वजाबाकीवर संगणक अंदाज बांधतो, आणि रोजची बारीक चूक त्यात साचत जाते. ती पुसायचा उपाय एकच: अधूनमधून सगळ्या बॅटऱ्या काठोकाठ भरायच्या. टाकी अपारदर्शक असली तरी ओसंडली की कळतेच, भरली म्हणून.

पण यंदा ढगाळ हवा सरता सरत नव्हती. सौर वीज रोडावली होती; काठोकाठ भरायचे तर एखादी संध्याकाळ शहराला काहीच न देता साठवत राहावे लागले असते. आणि भरणीचा दिवस ठरला की हमखास मोबाइल वाजे.

"धाकल्या, आजचा दिवस सोड रे. आहे तेवढं मला संध्याकाळी लागणार आहे. उद्या भर."

ताई वीज नियंत्रण केंद्रात होती. कोणी किती वीज द्यायची, हे तिच्या टेबलावरून ठरे. असली विनंती खरे तर अधिकृत फोनवर व्हायला हवी. तिथला शब्द न् शब्द रेकॉर्ड होतो. पण शेगडीवरच्या दुधाकडे लक्ष ठेव म्हणावे इतक्या सहजपणे ती मोबाइलवर सांगे, आणि तो ऐके. तिचे ऐकायचे वळण त्याच्या हाडीमाशी खिळलेले होते. आज-उद्या करता करता दीड महिना उलटला.

आणि आज सकाळी थोडीशीच वीज दिली, तर तिसऱ्या रांगेतल्या कंटेनरचे व्होल्टेज पायरी चुकल्यासारखे खाली आले. तेव्हापासून त्याच्या मनात पाल चुकचुकत होती.

त्याने मोबाइल लावला.

"ताई, माझ्या साठ टक्क्यांवर विसंबू नकोस."

"मग किती धरू?"

"तेच तर कळत नाही. चाळीस असेल, पंचवीससुद्धा असेल."

"अरे, आज सगळी मदार तुझ्यावर आहे! धरणावरचा वीजनिर्मिती संच चालू करायचा तर तसं कारण लागतं. ते पाणी पिण्यासाठी राखून ठेवलंय. तुझ्याकडून अधिकृत सूचना आल्याशिवाय मला त्याला हात लावता येत नाही."

"मग अधिकृत फोनवर सांगतो."

पुढच्या महिन्यात ती त्या केंद्राची प्रमुख होणार होती. आईने सगळ्या नातेवाइकांना सांगूनही टाकले होते.

"ते विचारतील, दीड महिना भरणी का झाली नाही," ती हलकेच म्हणाली. "काय सांगशील? झाकली मूठ राहू दे, धाकल्या. पुरेलही कदाचित."

"आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, ताई?"

तिने फोन ठेवला.

तो पुन्हा खिडकीशी गेला. कंटेनरांचे पंखे एका सुरात घोंघावत होते. मूठ झाकलेलीच ठेवली आणि ऐन मागणीच्या वेळी बॅटऱ्यांनी हात टेकले, तर वस्त्याच्या वस्त्या एका झटक्यात बंद होतील. लिफ्टमध्ये कोणी अडकेल, शस्त्रक्रियेच्या टेबलावर कोणी असेल. आणि बोलावे, तर ताईच्या पायावर धोंडा पडेल, तोही आपल्या हातून. खुर्ची, खिडकी, खुर्ची. शेवटी त्याने उभ्यानेच अधिकृत फोन उचलला.

"नियंत्रण केंद्र," ताईचाच आवाज, पण इस्त्री केलेला.

"बॅटरी केंद्रातून शिफ्ट इंजिनियर बोलतोय. आमचा साठा साठ टक्के दिसतो, पण तो भरवशाचा नाही. आपण नियोजनात पंचवीसच धरावा."

"कारण?"

"दीड महिना पूर्ण भरणी झालेली नाही." त्याने श्वास घेतला. "ती मी पुढे ढकलली."



"नोंद अपुरी आहे," ताई म्हणाली. "भरणी पुढे ढकलण्याची विनंती या केंद्रातून झाली होती. तोंडी. मी केली होती. धरणावरच्या संचाला आदेश देत आहे. तो पूर्ण क्षमतेने चालेपर्यंत आपण जपून वीज द्यावी."

दिवेलागणीला मैदानापलीकडच्या इमारतींच्या खिडक्या एकेक करून उजळल्या. आकडा सावकाश उतरू लागला. त्रेचाळीसवर तो क्षणभर घुटमळला आणि मग विहिरीत दगड पडावा तसा थेट तळाला गेला. मैदानात वीज तोडणारे खटके खाडखाड पडले. पंख्यांचा सूर बसला. फोरमन धावतच खिडकीशी गेला.

पलीकडचे दिवे एकदा लुकलुकले आणि स्थिर झाले.

"धरण धावून आलं, साहेब!"

तो खुर्चीत बसला आणि लगेच उठला. मोबाइल वाजत होता.

"चौकशी बसली आहे," ताई म्हणाली. "उद्या मला बोलावलंय. तुलाही बोलावतील."

"तू कशाला बोललीस? मी घेतलं होतं ना अंगावर!"

"गाढवा, लहानपणी कप मी फोडायचे आणि तू अंगावर घ्यायचास. आईला एकदा तरी पटलं का ते?" ती हसली, पण हसू मधेच विरले. "मला फार भीती वाटतेय रे."

"मलाही."

बाहेर बंद कंटेनर गारठत उभे होते.

"ताई, आता तरी भरायला वीज देशील? एकदा काठोकाठ?"

"हे मोबाइलवर विचारतोयस?"

त्याने मोबाइल टेबलावर ठेवला आणि दुसरा फोन उचलला.

"नियंत्रण केंद्र," ताई म्हणाली. "बोला."