वलांडीच्या जागेवर कॉम्प्युटर

मालाडच्या खाडीलगतच्या विद्यापीठात कॉम्प्युटर शास्त्राची नवी इमारत मंजूर झाली आणि बांधकाम कचेरीत पेढे वाटले गेले. नकाशा दत्तारामनं काढला होता. साहेबांनी पाठ थोपटली, पण दत्तारामनं पेढा तसाच टेबलावर ठेवला.

मोजणी झाली होती श्रावणात. तेव्हा होड्या किनाऱ्याला असतात आणि बोंबील सुकवायचे बांबूंचे मांडव, म्हणजे वलांडी, उतरवून ठेवलेले असतात. मोजणीदाराला नुसतं गवत दिसलं. साहेब म्हणाले, लिहा ‘मोकळी जागा’. दत्ताराम आठ वर्षं त्याच वाटेनं कामाला येत होता. त्याला सगळं ठाऊक होतं, तरी त्यानं लिहिलं. साहेबाला नाही म्हणायचं कोणी?

दसऱ्यानंतर कोळीवाड्यातली पार्वती इतर बायकांसोबत तिथं बांबू रोवायला गेली, तर तारेचं कुंपण! ती कचेरीत आली. वास मारतो म्हणून शिपायानं तिला पायरीवरच बसवलं. दुपारी दत्ताराम बाहेर आला आणि समजावू लागला, की तुमचीच नातवंडं इथं शिकतील.

“शिकू दे ना रे. आमी नको म्हटलं काय?” पार्वती म्हणाली. “पण म्हावरा सुकवू कुठं, तुझ्या टेबलावर? तुझा बाप काय करायचा?”

“गिरणीत होता.”

“गिरणी बंद करताना त्याला कोणी इचारलं?”

 संपानंतर दत्तारामचा बाप खाटेवर बसून आपलेच हात न्याहाळत राहायचा. त्यातच गेला.

दत्ताराम तडक साहेबांकडे गेला. चूक माझी, जागा बदला, म्हणाला. साहेब हसले. पाया खणून झाला होता. दत्तारामनं सगळं लिहून, खाली सही करून तो कागद बायकांच्या हातात दिला. आठवड्यात त्याची बदली झाली. बायका कागद घेऊन कचेऱ्या हिंडल्या, पण तो कोणी वाचलाच नाही.

पार्वतीनं त्या हिवाळ्यात बोंबील रस्त्याकडेला पसरले. ट्रकची धूळ बसली, गिऱ्हाईक फिरकेना. होळीपर्यंत ती चारकोपला लोकांची भांडी घासू लागली होती.

आता दत्ताराम पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा जागा पाहिल्याशिवाय, तिथल्या माणसांशी बोलल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही. पार्वतीला त्याचा काय उपयोग?

वाचकहो, विद्येची इमारत जरूर बांधा. पण ज्याच्या पोटावर पाया घालता, त्याला आधी विचारा. आणि ठाऊक असून गप्प बसला असाल, तर नुसत्या साहेबाला शिव्या देऊ नका. ती तार तुम्हीही ओढली आहे.