माझ्यातल्या दोन काड्या

मी पेटी बोलतेय. भाता फाटायला आलाय, पण आज तोंड मिटून बसवत नाही.

मंगळवार पेठेतल्या रुद्राप्पांनी मला आणलं, तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. दिवसभर गूळ विकायचे आणि संध्याकाळी मला घेऊन बसायचे. बायकोसाठी, बसम्मांसाठी, त्यांनी एक चाल बांधली. तिच्यात तीन-तीन सूर एकदम दाबायचे. पेठेत असं कुणी वाजवत नव्हतं, याचा मला अजून तोरा आहे.

दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला, वाचाही गेली. मी कापडाखाली गेले. चाल उरली ती एका जुन्या कॅसेटमध्ये.

येत्या रविवारी दोघांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार. नात विद्याश्रीला ती चाल कीबोर्डवर वाजवायची होती. गाणं ऐकून कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले सूर, ओळखणारा प्रोग्राम तिनं स्वतः लिहिला. पण तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कॉर्ड सांगे. चार दिवस ती डोकं धरून बसली. मला सगळं ठाऊक होतं, पण भाता हलल्याशिवाय मला कंठ कुठला?

"कॅसेटच खराब हाय, अज्जी."

"ऱ्हाऊ दे ते. पेटी पूस की जरा, रविवारी पावणं येणार."

फडकं फिरवताना अडकलं. माझ्या सा आणि प या पट्ट्यांत आगपेटीच्या काड्या खोचलेल्या होत्या.

"ह्या कशाला?"

"काढू नगंस. गाण्याला आधार म्हणून तुझे अज्जा ते दोन सूर कायम दाबून ठेवायचे. पेटी धरली की आधी काड्या."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"तू इचारलंस कधी?"

विद्याश्री लॅपटॉपकडे धावलीच. सतत वाजणाऱ्या त्या दोन सुरांनीच प्रोग्रामला चकवलं होतं. तिनं ते वजा केले आणि पडद्यावर कॉर्ड भराभर बदलू लागले. माझेच सूर ते! मला इतका आनंद झाला की काय सांगू.

शेवटच्या ओळीला मात्र कॅसेट खरखरत होती, तिथं प्रोग्राम पुन्हा अडला.

"अज्जा, हितं कुठला?" तिनं मला उचलून रुद्राप्पांच्या खाटेवर ठेवलं.

त्यांनी डाव्या हाताची तीन बोटं माझ्यावर दाबली. आवाज निघाला नाही. भाता कोण हलवणार? तेवढ्यात बसम्मा पदर खोचून पुढे आल्या. पन्नास वर्षं नुसती ऐकणारी ती बाई, तिनं पहिल्यांदा माझा भाता ओढला.

मी कडाडून वाजले. रुद्राप्पा रडत रडत हसत होते.

रविवारी कीबोर्ड लागणार नाही. ते दोघंच वाजवणार आहेत. माझं एवढंच मागणं आहे, भाता तेवढा सांधून घ्या. आणि काड्यांना कुणी हात लावू नका.