घरच्या माणसाचा पगार

मित्रांनो, मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. माझा निळा रंग विटला आहे आणि झाकण सुतळीने बांधलेले आहे. जन्म माझा कारखान्यातला, पण बालपण औशाच्या बाजारात कुल्फी विकण्यात गेले. पुढे लातूरच्या शरणप्पांनी मुलींसाठी कबड्डीची अकादमी काढली, तेव्हा कुल्फीवाल्याने मला त्यांच्या गळ्यात मारले.

तिथे मला मंजुश्री भेटली. खेळाडूंच्या दुखापती सांभाळणारी ती ट्रेनर. मुली तिला मंजूताई म्हणत. रोज सकाळी ती माझ्यात बर्फ भरी. कुणाचा घोटा मुरगळला, कुणाचा खांदा दुखावला की "मंजूताई!" अशी हाक येई आणि ती मला उचलून मैदानात धावे. रडणारी मुलगी हळूच पाय टेकून हसू लागे. कुल्फी विकताना एवढे कौतुक माझ्या वाट्याला कधी आले नव्हते.

शरणप्पा डाळीचे व्यापारी, माणूस दिलदार. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मंजूताईला ते लेकीसारखे वागवत. दिवाळीला साडी, सुगीला शेंगा. पगार मात्र पहिल्या दिवशी ठरला तोच! अशात नांदेडच्या एका अकादमीने तिला जास्त पगारावर बोलावले. तिला या मुलींना सोडून जायचे नव्हते. इथे थोडीशी वाढ मिळाली असती, तरी ती थांबणार होती.

मागायचे कसे, याची तालीम तिने माझ्यासमोरच केली. बर्फ फोडता फोडता ती म्हणे, "सर, इतक्या वर्षांत एकाही मुलीला मी दुखणं अंगावर काढू दिलं नाही. माझा पगार वाढवा." 'सर' या शब्दावर ती मुद्दाम जोर देई. मला वाटे, आता काम फत्ते!

त्या दिवशी मी ऑफिसच्या दाराशीच होते. ती आत गेली आणि सवयीने तोंडातून निघाले, "अण्णा..."

तिथेच घात झाला.

"बोल माय."

"ते... पगाराचं बोलायचं होतं."

अण्णा मोठ्याने हसले. "अगं, पगाराची घासाघीस परक्यानं करावी. तू तर घरची हाईस! घरात कुणी असं मागतंय व्हय? थांब, तुझ्या आईसाठी शेंगा काढून ठिवल्यात, घिऊन जा."

"हाव अण्णा, नेते की."

नांदेडचे नावही तिच्या ओठांवर आले नाही. बापासारख्या माणसाला 'मी जाते' असे कसे म्हणायचे? बाहेर येऊन तिने शेंगांची पिशवी माझ्या झाकणावर ठेवली आणि डोळे पुसले. मला फार वाईट वाटले. पेटीचे तोंड उघडते, पण तिला बोलता कुठे येते?

पुढच्या महिन्यात ती नांदेडला गेली. अण्णा भेटेल त्याला सांगत, "घरची मानली, अन् एका शब्दानं बोलली न्हाई!" खरे तर ती बोलली होती.

आता माझ्यात पाहुण्यांसाठी सरबताच्या बाटल्या असतात. परवा सरावात अक्षरा नावाच्या मुलीचा गुडघा पिरगळला. अण्णा सवयीने ओरडले, "मंजू, बर्फ आण!" कुणीच आले नाही. मग ते स्वतःच धावत आले, सुतळी सोडून त्यांनी झाकण उघडले. आत नुसत्या बाटल्या. मैदानात अक्षरा कळवळत होती आणि अण्णा सुतळी हातात धरून तसेच उभे होते.

मित्रांनो, माझे झाकण दुरुस्त नाही केले तरी चालेल. पण ज्याला तुम्ही घरचे म्हणता, त्याच्यावर मागायची वेळ आणू नका. आणि त्याने मागितलेच, तर त्याच्या हातात शेंगा देऊ नका.